बोटीजवळ आलेला डॉल्फिन खरंच नाचत होता का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बाईंनी सहावी-सातवीची मुलं नेरूलच्या कोको बीचवरून डॉल्फिन बघायला नेली होती. परतीच्या वाटेवर मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांनी मला लिहून पाठवले. डॉल्फिन एकमेकांना नावानं हाक मारतात का? झोपतात कधी? माशासारखे दिसतात तर मासे का नाहीत? होडीवाले काका शिट्टी मारतात म्हणून ते येतात, आपल्याला बघून हसतात आणि नाचतात, हे खरं का? आणि शेवटचा, एका मुलीचा: आपल्याला तर नुसती पाठ दिसली, मग शास्त्रज्ञांना एवढं सगळं कळतं कसं?

बाई, गेली अठरा वर्षं मी केरी-तेरेखोलपासून काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यावर डॉल्फिनच्या नोंदी घेतोय. या शेवटच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्याआधी फळ्यावर दोन शब्द लिहून ठेवा: कुठला डॉल्फिन? जगात डॉल्फिनच्या चाळीसच्या आसपास जाती आहेत. टीव्हीवर उड्या मारणारा, चेंडू झेलणारा असतो तो बहुतेक वेळा बॉटलनोज. तुमच्या मुलांनी मांडवीच्या मुखाशी पाहिला तो हंपबॅक डॉल्फिन. मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याला गादा म्हणतात. बैलाला वशिंड असतं तसा उंचवटा त्याच्या पाठीवर असतो आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया, त्यातल्या प्लंबियाचा अर्थ शिशाच्या रंगाचा. हे नाव त्याला 1829 मध्ये फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी दिलं, तेही मलबार किनाऱ्यावरून गेलेल्या नमुन्यावरून, म्हणजे आपल्याच किनारपट्टीवरून. हाँगकाँगकडचा गुलाबी डॉल्फिन आणि हा आपला शिशाच्या रंगाचा, दोन्ही एकच की वेगळे, यावर पुष्कळ वर्षं वाद चालला. 2014 मध्ये ते वेगळे मानले गेले. नाव वेगळं झालं तेव्हा संख्याही वेगळी मोजावी लागली, आणि ती इतकी कमी भरली की 2017 मध्ये या जातीची नोंद धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून झाली.

आता पाठीचं. तुमच्या मुलीला वाटतं की नुसती पाठ दिसली. आमचं निम्मं काम त्या पाठीवरच चालतं. प्रत्येक डॉल्फिनच्या पराची कड वेगळी असते. कुणाची जाळ्यात अडकून फाटलेली, कुणाची भांडणात चावा बसून खाचा पडलेली, कुणाला जुन्या जखमेचा पांढरा वण. या खाचा भरून येत नाहीत. पराचा फोटो काढायचा, जुन्या फोटोंशी पडताळायचा, आणि हा तोच की नवा ते ठरवायचं, अशी ही पद्धत. 1970 च्या दशकात बर्न्ड वुर्सिग यांनी अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर ती वापरून दाखवली आणि आज जगभर डॉल्फिनवर काम करणारे सगळेच ती वापरतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सारासोटा खाडीत 1970 पासून हे काम अखंड चालू आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना आजी, आई, नात अशा पिढ्या ओळखता येतात. डॉल्फिनबद्दल आपण जे जे ठामपणे बोलतो त्यातला मोठा वाटा अशा दोन-तीन ठिकाणांहून आलेला आहे, आणि तिथले डॉल्फिन बॉटलनोज आहेत. म्हणून फळ्यावरचे ते दोन शब्द.

ऐकायला हे सोपं वाटतं. समुद्रावर तसं नसतं. गादा वर येतो तेव्हा आधी लांब चोच तिरकी पाण्याबाहेर निघते, मग डोकं, मग वशिंड कमानीसारखं वळतं, आणि संपलं. तुमच्या हातात दोन सेकंद. तेवढ्यात होडी हलते, सूर्य समोर येतो, पर अर्धा लाटेआड जातो. डिसेंबरातल्या एका सकाळी आग्वादच्या किल्ल्याखाली आम्ही इंजिन बंद करून तीन तास बसलो होतो. मतलई वारा अजून चालू होता, पाणी तेलासारखं गुळगुळीत. एक मादी सारखी त्याच पट्ट्यात वर येत होती. पराच्या मागच्या कडेला वर एक मोठी खाच आणि खाली दोन बारीक. आमच्या वहीत तिचं नाव ‘करवत’. मादी आहे हे आम्हाला कळलं तिच्या पिल्लावरून. तिच्या बरगडीला चिकटून, तिच्याच तालात ते वर यायचं आणि श्वास घेताना चोच जरा जास्तच उंच काढायचं, पोहायला शिकणारी मुलं मान उंच धरतात तशी. त्या तीन तासांत चारशे फोटो काढले आणि कामाचे निघाले अकरा. दोन वर्षांनंतर तीच खाच झुआरीच्या मुखाशी दिसली. मांडवीचा कळप वेगळा आणि झुआरीचा वेगळा असं मी तोवर धरून चाललो होतो. त्या एका खाचेनं ते खोडून टाकलं.

नावांचा प्रश्न मुलांना सर्वांत आवडेल, कारण त्याचं उत्तर बरंचसं ‘हो’ आहे. 1965 मध्ये मेल्बा आणि डेव्हिड काल्डवेल या दांपत्यानं दाखवलं की प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची एक ठरावीक शीळ असते. चढउताराचा तिचा नमुना त्या एकाचाच. पिल्लू पहिल्या काही महिन्यांत आपली शीळ घडवतं आणि बहुधा आयुष्यभर तीच वापरतं. पण ठरावीक शीळ असली म्हणून ती नाव होते का? कदाचित इतर डॉल्फिन तिला नुसत्या आवाजाच्या पोतावरून ओळखत असतील, आपण फोनवर ‘हॅलो’ ऐकूनच माणूस ओळखतो तसे. ही शंका सोडवायला विन्सेंट जॅनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर कृत्रिम शिट्ट्या तयार केल्या. चढउतार तोच ठेवला, पण आवाजाची ओळख काढून टाकली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सारासोटात त्या ऐकवल्या तेव्हा नातलगाच्या शिट्टीकडे डॉल्फिन जास्त वेळा वळले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टेफनी किंग आणि जॅनिक यांनी स्कॉटलंडच्या समुद्रात मोकळ्या डॉल्फिनना त्यांच्याच शिट्टीची नक्कल ऐकवली. ज्याची शिट्टी त्यानं ओ दिली. परक्याच्या शिट्टीला कुणी तसं उत्तर दिलं नाही. त्याच वर्षी जेसन ब्रुक यांनी दाखवलं की वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळही डॉल्फिनना आठवते.

मला यातला सगळ्यात आवडता शोध 2023 चा आहे. पिल्लू जवळ असताना डॉल्फिनच्या आया आपलीच शीळ जास्त वरच्या पट्टीत नेतात. सारासोटातल्या एकोणीस आयांच्या ध्वनिमुद्रणांतून हे निघालं. पाळण्यातल्या बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप बारीक होतो ना, तसं. वर्गात हे सांगाल तेव्हा फक्त ‘बॉटलनोज’ हा शब्द गाळू नका.

होडीवाल्या काकांच्या शिट्टीचं मात्र तसं नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळतो आणि बहुतेक सगळा परत फिरतो. आत जातो तो अगदी थोडा. डॉल्फिन कुठे असतील हे काकांना ठाऊक असतं, कारण भरती-ओहोटी आणि माशांची हालचाल ते जन्मभर बघत आले आहेत. ते ज्ञान अस्सल आहे आणि मी स्वतः त्यांच्यापासून शिकलोय. फक्त श्रेय शिट्टीला जातं.

पाण्यात माइक सोडून ऐकलं की वेगळंच जग उघडतं. हायड्रोफोन खाली गेला की आधी ऐकू येते तडतड, फोडणीत मोहरी फुटावी तशी. ती एका जातीच्या छोट्या कोळंब्या नांगी मिटताना करतात. त्यावरून कुठल्यातरी होडीचं इंजिन, होडी अजून दिसतही नसताना. आणि नशीब असेल तर मध्येच दार करकरल्यासारखा आवाज: डॉल्फिनच्या टकटकींची माळ. आपल्याला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, डॉल्फिनच्या टकटकी एक लाखाच्या वर जातात. म्हणजे आपल्या कानावर येते ती फक्त त्यांची खालची कड. आवाज निघतो डोक्यावरच्या नाकपुडीच्या खाली, ओठांसारख्या पडद्यांतून. कपाळावरचा चरबीचा गोळा भिंग उन्हाला एकवटतं तसा तो पुढे एकवटतो. माशावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानाकडे जातो. 1960 च्या सुमारास केनेथ नॉरिस यांनी एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी झाकणं बसवली, तरी तो अडथळे चुकवत आरामात पोहत राहिला. पावसाळ्यात मांडवीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं, हातभर पुढचं दिसत नाही. तेव्हा गादा आपलं पोट कसं भरतो, ते यावरून मुलांना कळेल.

जबड्यातली ती चरबी मी हातात धरली आहे. मोरजीजवळ एक मेलेला गादा वाहून आला होता, साधारण अडीच मीटरचा नर. पशुवैद्यांसोबत तिथेच वाळूवर शवविच्छेदन केलं. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला इतकं पातळ की उन्हाकडे धरल्यावर बोटांची सावली दिसली. पोटात अन्न जवळजवळ विरघळलेलं, पण तळाशी मूठभर पांढरे खडे. माशांच्या डोक्यात असतात ते कानखडे. प्रत्येक माशाचा खडा वेगळ्या आकाराचा, त्यामुळे शेवटचं जेवण काय होतं ते त्यावरून सांगता येतं. या नरानं दोडी आणि शेवटे खाल्ले होते, म्हणजे आपल्याच बाजारातले मासे. एक दात काढून घेतला, उभा कापला, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. झाडाच्या खोडात कडी असतात तसे दाताच्या आत थर, साधारण वर्षाला एक. वय असं मोजतात. शेपटीच्या देठाभोवती जाळ्याच्या दोऱ्याचा खोल वळ होता, मरणाचं कारण शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही.

आणि तो हसत होता. मेलेला, डोळे कावळ्यांनी टोचलेले, तरी तोंडावर तेच हसू. मुलांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगतो. डॉल्फिनचं हसू ही त्याच्या जबड्याची ठेवण आहे. भूक, भीती, वेदना, काहीही असो, चेहरा बदलत नाही. आनंदी चेहरा म्हणून माणसानं त्याला टाकीत कोंडून खेळ करायला लावले. आपल्या देशात 2013 मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं डॉल्फिनचे असे खेळ उभारायला परवानगी द्यायची नाही असं ठरवलं, ते फार चांगलं झालं.

झोपेचं थोडक्यात सांगतो. आपल्याला झोपेत श्वास आपोआप चालतो. डॉल्फिनला प्रत्येक श्वासासाठी जाणूनबुजून वर यावं लागतं, गाढ झोपला तर बुडेल. 1970 च्या दशकात रशियात लेव मुखामेतोव यांनी बॉटलनोजच्या मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या आणि आढळलं की मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो तेव्हा दुसरा जागा असतो. मग पाळी बदलते. सॅन दिएगोत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक मादी सलग पंधरा दिवस प्रतिध्वनीनं लक्ष्य शोधण्याचं काम चोख करत राहिली.

मासे का नाहीत, याला पुस्तकातलं उत्तर मुलं देतीलच: फुप्फुसं, उष्ण रक्त, पिल्लाला दूध. मला वाटतं तुमच्या मुलांना सत्तरीतलंच उत्तर द्यावं. त्यांच्यापैकी कुणाच्या आजोबांनी तरी रानात पिसोरी पाहिली असेल, सशापेक्षा थोडं मोठं ते ठिपक्यांचं हरीण. साधारण तशाच चणीचा, खुरांचा एक प्राणी चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी काश्मीरकडच्या कालाकोट भागात राहायचा. त्याचं नाव इंडोह्यूस. भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगाराव यांनी तिथले दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात पत्नीनं ते जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्या हवाली केले. दगड फोडताना कवटी निघाली, आणि तिच्या कानाचं हाड देवमाशांच्या हाडासारखं जाड होतं. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पायांची हाडंही जड, पाण्यात उभं राहणाऱ्या जनावराची असतात तशी. देवमासे आणि डॉल्फिन यांचे पूर्वज कोणत्या कुळातून पाण्यात उतरले, याचा हा भारतातच सापडलेला पुरावा. तुमच्या मुलांना एक खूण शिकवा: माशाची शेपूट डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली. पळणाऱ्या हरणाचा कणा जसा वर-खाली वाकतो तसाच.

आता नाचण्याचं. याला मी जास्त जागा घेणार आहे, कारण उत्तर आपल्या हातात आहे.

बॉटलनोज आणि स्पिनर डॉल्फिन होडीच्या नाळेपुढच्या लाटेवर मजेत पोहतात, हे खरं. गादा सहसा तसं करत नाही. त्याची रीत किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, पाच-सहा जणांच्या छोट्या घोळक्यानं, नदीच्या मुखाशी मासे शोधत फिरण्याची. त्यामुळे तो होडीजवळ वारंवार वर आला, शेपूट आपटली, एकदम वळला, तर ते नाच समजण्याआधी आजूबाजूच्या होड्या मोजा. मी सांगितलेली ती करवत आणि तिचं पिल्लू. सकाळी साडेआठनंतर पर्यटकांची पहिली होडी आली, मग दुसरी, मग पाच झाल्या. प्रत्येकाला पुढून गाठायचं होतं. तोवर दोघं सावकाश एका तालात वर येत होती. होड्यांनी वेढल्यावर आई खाली गेली ती बराच वेळ आलीच नाही, आली तेव्हा लांब, खडकांच्या बाजूला. पिल्लू त्याआधी दोनदा एकटंच वर आलं, दोन होड्यांच्या मधोमध. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांना खरोखर तो नाच वाटला होता.

एका सकाळवरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेचं उदाहरण देतो. लार्स बेजडर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पर्यटकांची एक होडी होती तिथे दोन झाल्यावर काय झालं ते वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून तपासलं. त्या भागातले डॉल्फिन साधारण सातात एक या प्रमाणात कमी झाले. मेले नाहीत, सोडून गेले. तिथे जायला जागा होती. आपल्या गाद्याला किनाऱ्याचा उथळ पट्टाच मानवतो, आणि त्याच पट्ट्यात आपली जाळी, बंदर, सांडपाणी आणि होड्या आहेत. मादी पहिल्यांदा विते तेव्हा ती दहाएक वर्षांची झालेली असते, पोटात पिल्लू दहा ते बारा महिने, आणि दोन पिल्लांत सुमारे तीन वर्षांचं अंतर. गेलेला एक डॉल्फिन भरून यायला किती काळ लागेल, हे गणित सातवीचं मूलही मांडेल.

उपाय अवघड नाही. माझ्या ओळखीचा एक तांडेल गेली काही वर्षं डॉल्फिन दिसले की लांबूनच इंजिन मंद करतो, बाजूनं समांतर चालतो, पन्नास मीटरच्या आत शिरत नाही आणि पिल्लू असेल तर आणखी मागे राहतो. पुढून आडवं जाणं, पाठलाग करणं बंद. बरेचदा मग डॉल्फिनच आपल्या वाटेनं होडीच्या बाजूला येऊन जातात, आणि त्याच्या गिऱ्हाइकांना इतरांपेक्षा जास्त वेळ ते दिसतात. पुढच्या वेळी होडी ठरवताना पैशांच्या आधी हे विचारा. मुलांसमोर विचारा.

खरं तर पुढच्या वेळी होडीच नको. दोनापावलाच्या खडकांवरून, काब द रामच्या किल्ल्यावरून किनाऱ्याचं पाणी छान दिसतं, आणि उंचावरून नोंदी घेणं ही शास्त्रातली मान्य पद्धत आहे, कारण बघणाऱ्याचा त्रास डॉल्फिनला होत नाही. पाऊस संपल्यावर, सकाळी सातच्या आत पोचा. प्रत्येक दोन मुलांना एक वही द्या. वेळ, भरती की ओहोटी, एका वेळी दिसलेल्या जास्तीत जास्त पाठी, पिल्लू आहे का, होड्या किती, पक्षी घिरट्या घालतायत का. डॉल्फिन दिसला नाही तर ‘दिसला नाही’ हेही वेळेसकट लिहायचं. ही ओळ मुलं गाळतात, आणि आम्हाला तीच हवी असते, कारण ते कधी नसतात हे कळल्याशिवाय कधी असतात याला अर्थ राहत नाही.

किनाऱ्यावर कधी अडकलेला डॉल्फिन दिसला, जिवंत असो वा मेलेला, तर जीवरक्षकांना आणि वन खात्याला लगेच कळवा. जिवंत असेल तर परत समुद्रात ढकलायची घाई करू नका, शेपटीला किंवा परांना धरून ओढू नका. ओलं फडकं अंगावर टाका, सावली करा, गर्दी हटवा. डोक्यावरची नाकपुडी मात्र उघडी ठेवा, तिच्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. मेलेल्याला उघड्या हातांनी शिवू नका. पाठीवर पर नसलेला, गोल डोक्याचा छोटा प्राणी असेल तर तो फिनलेस पॉरपॉइज. जिवंत असताना तो लाटांत कुणाला दिसत नाही, गोव्याच्या वाळूवर मेलेला मात्र वरचेवर सापडतो. त्याचा एक फोटो बाजूनं काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा, नसेल तर चप्पल.

वह्या भरल्या की मला पाठवा. आणि त्या शेवटच्या प्रश्नवाल्या मुलीला सांगा, फोटोत पराची मागची कड नीट आली असेल तर माझ्याकडच्या फोटोंशी पडताळायला तिला बोलावतो. करवत गेल्या दोन वर्षांत मला दिसलेली नाही.